मातीच्या किल्ल्यावरची मोहीम

मंडळी, सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की दुसऱ्या दिवशी गावातली पोरे कुठे सापडतात? घरात तर नाहीतच. कोणी ओढ्याकाठी माती खणत असते, कोणी गोठ्यामागून फाटके गोणपाट ओढून आणत असते, कोणी आईच्या डब्यातून मूठभर मोहरी नाहीतर अळीव लांबवत असते. विटांचे तुकडे आणि दगड रचायचे, त्यांवर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरायचे, बोटांनी पायऱ्या काढायच्या, उतारावर अळीव पेरायचा आणि चार दिवसांनी हिरवेगार रान उगवले की बाजारातून आणलेले मातीचे मावळे उभे करायचे. वर सिंहासनावर महाराज, खाली गुहेत वाघ. हा आपल्या मुलखातला दिवाळीचा किल्ला. तुम्हीही तो लहानपणी केला असेल.

पण मला एक सांगा. किल्ला पुरा झाला की पुढे काय होते? बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही. शेजारपाजारचे येतात, "छान झालाय हो" म्हणतात आणि भाऊबीज उलटली की किल्ला पावसाने नाहीतर कोंबड्यांनी उकरून जातो. आठ दिवस खपून मुलांनी एक अख्खे जग उभे केले आणि त्या जगात कोणी राहायलाच गेले नाही! नवे घर बांधावे, वास्तुशांत करावी आणि कुलूप लावून निघून जावे, तशातली गत.

मी आज जे सांगणार आहे ते या कुलपाविषयी. किल्ला करून झाल्यावर त्यावर मोहीम कशी खेळावी, तिची आखणी कशी करावी आणि त्यातून इतिहास कसा शिकवावा, हा विषय. शिक्षक मंडळींसाठी तो आहेच. पण घरी चार नातवंडे असलेल्या आजोबांनाही तो वर्ज्य नाही.

तुम्ही म्हणाल, हा पोरखेळ झाला. पोरखेळ खराच, पण थोर घराण्यातला आहे. बुद्धिबळाचा पूर्वज जो चतुरंग, त्याच्या नावातच हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ आहेत. पुढे १८१२ च्या सुमारास प्रशियात राइसविट्झ नावाच्या एका सरदाराने टेबलावर डोंगर, नद्या, गावे मांडून लढाईचा खेळ रचला आणि तो आपल्या राजाला दाखवला. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये तो सुधारून लष्कराच्या उपयोगी पडेल असा केला. त्यात दोन बाजू असत आणि मध्ये एक पंच असे. कोणत्या बाजूला शत्रूची किती फौज दिसते हे तो पंच सांगे. जे दिसत नाही ते सांगत नसे. गोळागोळीचा परिणाम फाशांवर ठरे. पुढे पुढे नियमांचे बाड इतके वाढले की खेळणारे कंटाळले. तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुवा नावाच्या अधिकाऱ्याने सांगितले की नियमांची पोथी बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर एक पुस्तकच लिहिले. आणि १९७४ मध्ये अमेरिकेत गायगॅक्स आणि अर्नेसन या दोघांनी या खेळाला वेगळेच वळण दिले. त्यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात प्रत्येक गडी फौज चालवत नाही. एकच माणूस होतो. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एक जण सूत्रधार असतो. तो जग रचतो, प्रसंग सांगतो आणि विचारतो, "आता तू काय करशील?" आपल्या शहरांतली कॉलेजातली मुलेही आता हा खेळ मांडून बसतात, वीस बाजूंचे फासे टाकतात.

परक्यांचे कौतुक एवढे पुरे. कारण सोंग घेऊन दुसऱ्या जगात जाणे आपल्याला कोणी शिकवायला नको. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, तिकडे मोखाडा, जव्हार या आदिवासी मुलखात बोहाडा होतो. रात्रभर संबळ वाजत असतो आणि मशालीच्या उजेडात एकेक मुखवटा नाचत येतो. गणपती येतो, सरस्वती येते, नरसिंह येतो, रावणही येतो. कोणते सोंग कोणी घ्यायचे याची रीत ठरलेली असते. आता बघा, रावणाचे सोंग घेणारा माणूस सकाळी मुखवटा उतरवून शेतावर जातो. त्याला कोणी रावण म्हणून हिणवत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिची गरज पडणार आहे.

आता मोहीम आखायची तर किल्ला कोणता घ्यावा? पुष्कळ गुरुजी रायगडापासून सुरुवात करतात. माझे मत वेगळे आहे. आपल्या दारातून जो डोंगर दिसतो तो घ्यावा. नाशिक जिल्ह्याला किल्ल्यांचा तोटा नाही. बागलाणात साल्हेर आहे, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत साल्हेर आहे. धोडप, हातगड, मुल्हेर, अंकाई-टंकाई अशी नावे मोजू लागलो तर हे भाषण तिथेच संपेल. मी निवडतो तो रामसेज. नाशिकहून उत्तरेला पेठच्या वाटेने निघालात की थोड्याच वेळात दिसतो. पायथ्याला आशेवाडी. डोंगर अगदी बेताचा. साल्हेरपुढे तर लेकरूच. रामाने इथे विसावा घेतला, म्हणून रामाची शेज, असे लोक सांगतात. वाटेत गुहेत रामाचे मंदिर आहे, वर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत.

या बेताच्या डोंगराने काय केले ते ऐका. १६८१ च्या अखेरीस औरंगजेब बादशहा जातीने दक्षिणेत उतरला. पुढच्या वर्षी मोगली फौज रामसेजवर आली. सरदार होता शहाबुद्दीनखान, पुढे ज्याचा मुलगा हैदराबादचा पहिला निजाम झाला तो. नाशिक तेव्हा मोगलांच्या कागदांत गुलशनाबाद होते. सरदारांना वाटले असावे, एवढासा किल्ला, आज वेढा घालू आणि चार दिवसांत निशाण लावू. पण वेढा वर्षावारी लांबला.

खाफीखान नावाच्या मोगल बाजूच्या इतिहासकाराने या वेढ्याची हकिगत लिहिली आहे. शत्रूच्या माणसाने लिहिलेली म्हणून तिची किंमत जास्त. तो सांगतो, किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, पण कातडी भरपूर होती. किल्लेदाराने लाकडे पोखरून, कातड्याने मढवून त्यांच्या तोफा केल्या आणि त्यांनी चांगल्या तोफांचे काम केले. खाली मोगलांनी लाकडांचा उंच दमदमा उभा केला, वरून किल्ल्यात मारा करता यावा म्हणून. तरी काम होईना. संभाजी महाराजांनी मदतीला रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना धाडले. शहाबुद्दीनखान हटला आणि त्याच्या जागी खानजहान बहादूर आला.

या खानाने युक्ती योजली. एका बाजूला तोफा, माणसे आणि आरडाओरडा, म्हणजे हल्ला तिकडूनच येणार असे वाटावे. आणि दुसऱ्या बाजूने अंधारात निवडक माणसे दोर लावून चढवायची. किल्लेदाराने ते ओळखले. त्यानेही गोंगाटाच्या बाजूला नगारे, आरोळ्या सुरू ठेवल्या आणि खरी माणसे मुकाट्याने दुसऱ्या कड्यावर दबा धरून बसवली. वर डोकी निघाली आणि जी निघाली ती खाली गेली. मग कोणा मांत्रिकाने खानाला सांगितले, मला सोन्याचा साप करून द्या, किल्ला मिळवून देतो. साप झाला. तो हातात धरून मांत्रिक फौजेच्या पुढे चालू लागला. अर्ध्या वाटेवर वरून गोफणीचा धोंडा छातीत बसला; मांत्रिक एकीकडे आणि साप दुसरीकडे. अखेर खानाने वेढा उठवला आणि जाताना स्वतःचाच तो लाकडी दमदमा जाळून टाकला. पुढे १६८७ च्या सुमारास किल्ला मोगलांकडे गेला, पण लढून नाही, पैसा चारून.

अशी हकिगत हातात असली की गुरुजींना वाटते, झाले, मोहीम तयार! मुलांकडून हे सगळे जसेच्या तसे वदवून घ्यावे. इथेच चूक होते. ती मी स्वतः केलेली आहे, म्हणून सांगतो. दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत मी पहिल्यांदा हा खेळ मांडला तेव्हा सारे प्रसंग आधीच लिहून नेले होते. मोगल झालेल्या मुलांना ठाऊक होते की आपण हरणार. किल्ल्यावरच्यांना ठाऊक होते की आपण जिंकणार. अर्ध्या तासात मोगल जांभया देऊ लागले, आणि एक तर कुंपणावरची बोरे खायला निघून गेला. बोर खाण्यात त्याने शहाणपणच दाखवले असे मला आता वाटते.

नाटकाचा शेवट लिहिलेला असतो, मोहिमेचा नसतो. सूत्रधाराने शेवट लिहू नये, सुरुवात लिहावी. सुरुवातीला कोण कुठे आहे, कोणाजवळ काय आहे, कोणाला काय हवे आहे आणि कोणाला काय ठाऊक नाही, एवढे पक्के करावे. पुढचे मुले करतील. रामसेजचे मोगल कदाचित पहिल्याच महिन्यात किल्ला घेतील. घेऊ द्या. नंतर विचारता येते: त्यांनी तुमच्या खेळात तो घेतला, खऱ्या खानाला का घेता आला नाही? या एका प्रश्नात पुस्तकाचे चार धडे बसतात.

आता जग कसे रचावे? याला आपल्याकडे उत्तम गुरू आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. राज्य कसे चालवावे, यावरचा तो ग्रंथ, आणि त्यातले किल्ल्यांचे प्रकरण काढून वाचा. किल्ल्याविषयी ते काय सांगतात ते ऐका. आधी पाणी पाहावे म्हणतात. पाणी नसेल आणि ती जागा बांधणे भागच असेल, तर आधी खडक फोडून टाकी करावीत. एखादा झरा आहे म्हणून त्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. म्हणून राखीव पाणी ठेवावे. दरवाजा खालून थेट दिसेल असा नसावा, बुरुजाच्या आड घ्यावा. येण्याजाण्याला एकच वाट असू नये. दिंड्या, चोरवाटा असाव्यात. धान्याला उंदीर, किडा, वाळवी लागू नये. दारूखाना घरांजवळ नको, आणि दारू आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून उन्हात वाळवावी. केरकचरा साठू देऊ नये. तो जाळून त्याच्या राखेवर भाज्या कराव्यात. पाहा, राज्याचा अमात्य भाजीपाल्याची चिंता करतो आहे!

मुलांचा किल्ला आणि अमात्यांचा किल्ला यांत फरक हाच. मुले तोफ आधी मांडतात, पाणी विसरतात. तेव्हा मातीचा किल्ला करतानाच विचारावे: टाके कुठे? कोठार कुठे? रात्री दिवा लावायला तेल कुठून येते? किल्लेदार निजला तर जागे कोण? सगळे एका दिवसात ठरवू नये. जेवढे उद्याच्या खेळाला लागेल तेवढे आज ठरवावे. काही सूत्रधार अख्ख्या मुलखाची वंशावळ लिहून काढतात, आणि मुले पहिल्याच दिवशी भलत्याच वाटेने निघून जातात. मग ते वहीकडे बघत बसतात.

पाण्याचा हिशेब मात्र पाटीवर खडूने करावा. समजा, एक टाके १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि ६ फूट खोल आहे. म्हणजे ७२० घनफूट. एका घनफुटात २८ लिटरच्या आसपास पाणी मावते. तेव्हा टाक्यात वीस हजार लिटर. किल्ल्यावर १०० माणसे. पिण्याला आणि रांधण्याला मिळून माणशी ५ लिटर धरा. दिवसाला ५०० लिटर, म्हणजे ४० दिवस. आंघोळ नाही, गुरे नाहीत, उन्हाने आटलेले धरलेले नाही. हा हिशेब पाटीवर आला की वर्गात जी शांतता पसरते ती मी पाहिली आहे. "गुरुजी, मग पाऊस कधी येणार?" असे एकाने विचारलेच. बरोबर! त्याला मोहीम समजली. वेढा चैत्रात बसला तर पाऊस किल्ल्याचा मित्र. त्याची टाकी भरतात आणि मोगलांचे तंबू चिखलात बसतात, तोफांचे गाडे रुततात. पंचांग भिंतीवर टांगा, आणि खेळातला प्रत्येक फेरा म्हणजे एक पंधरवडा धरा. मग आषाढ आला की खेळाची तऱ्हाच बदलते. तुम्हाला वेगळे काही करावे लागत नाही.

तसेच किल्ल्याखालचे जग. किल्ला आभाळातून लोंबत नाही. खाली गावे आहेत. शत्रूच्या छावणीला दाणागोटा लागतो, चारा लागतो, जळण लागते, दमदम्याला लाकूड लागते. ते कोणाच्या रानातून येते? मोगलांकडे पैसा आहे, बळ आहे. पाटलाने धान्य विकावे की लपवावे? विकले तर वरचे काय म्हणतील, लपवले तर खालचे काय करतील? मावळ्यांच्या चित्रात हा पाटील कधी नसतो. खेळात त्याला आणा. माझ्या अनुभवात किल्लेदारापेक्षा या पाटलाचे काम करणाऱ्या मुलाला जास्त घाम फुटतो.

आता सोंगे वाटायची. शिवकालातल्या किल्ल्यावर सारा अधिकार एका माणसाच्या हाती देत नसत. हवालदार, सबनीस, सरनौबत असे बरोबरीचे कामदार असत, कोठाराचे काम पाहणारा कारखानीस असे, म्हणजे एक फितला तरी किल्ला जाऊ नये. हे खेळाला फार सोयीचे आहे. हुकूम एकाचा, किल्ल्या दुसऱ्याच्या हाती, हिशेब तिसऱ्याकडे. मुलांना आपापसांत बोलावेच लागते, भांडावेही लागते. शिवाय पहारेकरी, गोफण मारणारा, कातडे कमावणारा, सुतार, पाणी वाहणारे. लाकडी तोफेची गोष्ट आठवा. कातडे कमावणारा आणि लाकूड पोखरणारा नसता तर ती तोफ झाली असती काय?

इथे मला एक कबुली द्यावी लागेल. त्याच शाळेत दुसऱ्या वर्षी मी सोंगे वाटली, आणि घाईत वाटली. हुशार म्हणून जी मुले पुढच्या रांगेत बसत, त्यांना हवालदार, सबनीस केले. मागे बसणाऱ्यांना पाणक्ये आणि मोळीवाले केले. मागे कोण बसत होते, हे गावातल्या शिक्षकांना सांगायला नको. गावाच्या कडेच्या घरांतली मुले ती. माझ्या ध्यानातही आले नाही. खेळ सुरू झाला. तिसऱ्या पंधरवड्याला हवालदाराने ऐटीत हुकूम सोडला, "तटावर उकळते पाणी ओता!" तेव्हा पाणी वाहणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी नाही." हवालदार म्हणाला, "आहे, मी हुकूम दिलाय." ती म्हणाली, "मी रोजचे हंडे मोजलेत. पाऊस पडेपर्यंत प्यायलाच पुरत नाही." तिने पाठीमागे कोळशाने रेघा ओढून ठेवल्या होत्या. सगळ्यांनी मोजल्या. तिचे बरोबर होते. माझ्या वहीतला आकडा चुकला होता.

त्या दिवसापासून सोंगे मी चिठ्ठ्या टाकून वाटतो, आणि दर दोन पंधरवड्यांनी बदलतो. आज जो हवालदार तो उद्या छावणीतला मोगल शिपाई. मुली मोर्चावर जातात, मुलगे कोठारात बसतात. पालक कुरकुरतात कधीकधी. "आमच्या पोराला मोगल का केले?" असे विचारायला एक गृहस्थ शाळेत आले होते. मी त्यांना बोहाड्यातल्या रावणाची आठवण दिली. ते स्वतः पेठेकडचे होते, हसले आणि गेले. पण त्यांचा प्रश्न मी हलका मानत नाही. शत्रूचे सोंग द्यायचे म्हणजे त्याची टिंगल करायची नव्हे, आणि त्यावरून खेळाबाहेर कोणाला चिडवू द्यायचे नाही, हे सूत्रधाराने पहिल्याच दिवशी बजावावे. मोगल झालेल्या मुलालाही भूक लागते, घर सोडून वर्षे झालेली असतात, आणि वरून धोंडे येत असतात. त्याला विचारा, "तुझ्या खानाचा हुकूम आहे चढायचा. चढशील?" तो विचार करतो. त्या विचारात तो इतिहासाच्या फार जवळ असतो.

दैवाचाही हिस्सा हवा. त्याला वीस बाजूंचे फासे नकोत. घरातल्या सहा कवड्या पुरतात. सहाच्या सहा उताण्या क्वचितच पडतात. दोन, तीन, चार वारंवार पडतात. तेव्हा सोप्या कामाला दोन उताण्या पुरे, अवघडाला चार लागतील, आणि अंधारात ओला कडा चढायचा तर पाच. आकडा आधी जाहीर करायचा, कवड्या मग टाकायच्या. उलट केलेत तर मुले तुम्हाला लबाड म्हणतील, आणि ते खरे असेल. ज्या कामात काही पणाला लागलेले नाही, तिथे कवड्या टाकूच नका. जिना उतरायला फासे कशाला?

गुपिते राखावीत. मोगल एका खोलीत, किल्लेकरी दुसऱ्या खोलीत, आणि मध्ये सूत्रधार. खानजहानाची युक्ती खेळायची तर असेच हवे. गोंगाट कुठून ऐकू येतो, एवढेच किल्ल्यावरच्यांना सांगायचे. बाकी त्यांचे त्यांनी ओळखायचे. पण एक पथ्य आहे. किल्लेकऱ्यांनी ओळखावे अशी तुमची इच्छा असेल तर एकच खूण ठेवून भागत नाही. तीन ठेवा. कुत्रा भुंकला, दगड घरंगळला, मोगलांच्या एका छावणीत आज चुली पेटल्या नाहीत. मुले दोन खुणा हमखास सोडून देतात, तिसरी पकडतात, आणि मग आपणच केवढे चतुर म्हणून उड्या मारतात. मारू द्या.

खेळ संपला की दोन पाट्या मांडायच्या. हे शिक्षकांसाठी विशेष. एका पाटीवर कागदांत सापडते ते. दुसरीवर आपण मनाने मांडले ते. लाकडी तोफा पहिल्या पाटीवर, कारण खाफीखान सांगतो. सोन्याचा साप? तोही पहिल्या पाटीवर. पण पुढे लिहावे, 'खाफीखानाने सांगितलेली गोष्ट', कारण कथेकऱ्याला रंग भरायची हौस असतेच. आशेवाडीचा पाटील दुसऱ्या पाटीवर. भुंकणारा कुत्रा दुसऱ्या पाटीवर. मुलांना हा भेद फार लवकर कळतो. मोठ्यांना वेळ लागतो. आजकाल गडांवर जाऊन कोणीही काहीही सांगते आणि ऐकणारा घरी येऊन तेच इतिहास म्हणून सांगतो. ज्या मुलाने स्वतः एक पाटील रचला आहे, तो दुसऱ्याने रचलेला पाटील चटकन ओळखतो.

फितुरीचा प्रसंग खेळावा की नाही, हे मला बराच काळ ठरवता आले नाही. रामसेज शेवटी पैशाने गेला हे तर लपवता येत नाही. एकदा मी तो खेळायला दिला. मोगल बाजूच्या मुलाने किल्लेदाराला चिठ्ठी पाठवली, इतके इतके रुपये. किल्लेदार झालेला मुलगा, आठवीतला, चिठ्ठी वाचून गप्प बसला. मग त्याने विचारले, "गुरुजी, वरच्या माणसांना पगार मिळालाय का?" मी म्हटले, सहा महिन्यांचा राहिलाय. हे मी त्याच क्षणी रचले, दुसऱ्या पाटीवरचे. तो म्हणाला, "मग पैसे घेतो, आणि माणसांत वाटतो, आणि किल्ला देत नाही." खोलीत एकच गिल्ला झाला. असे करणे योग्य की अयोग्य, यावर मुले तास संपल्यावरही भांडत होती, मैदानातही भांडत होती. मी निकाल दिला नाही.

सामानाला खर्च फारसा नाही. कवड्या, पाट्या, खडू, पंचांग, चिठ्ठ्या. प्लास्टरचे तयार किल्ले बाजारात मिळतात ते घेऊ नका. त्यात टाके खणता येत नाही. एका बैठकीला दीड तास पुरे, त्याहून लांबवू नका. ऐन रंगात थांबवलेत तर मुले दुसऱ्या दिवशी वेळेआधी येतात. दहा-बारा मुलांचा एक फड करा. वर्गात चाळीस असतील तर मोठ्या मुलांपैकी तिघांना सूत्रधार करा. ती तुमच्याहून कडक पंच होतात, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि जमले तर दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन खरा रामसेज चढा. हिवाळ्याची सकाळ बरी. गेल्या खेपेस आम्ही जाताना विहिरीचा जुना दोर बरोबर घेतला होता, फुटाफुटावर गाठी मारून. वरच्या एका टाक्याची लांबी-रुंदी मुलांनी पावलांनी मोजली. खोली मोजायला दोर मी स्वतः धरला. मुलांना काठापासून चार हात मागे उभे केले. दगड बांधलेला दोर खाली गेला, मऊसर कशाला तरी टेकला आणि सैल पडला. तो गाळ होता. त्याच्याखाली खडक किती खोल, हे दोराला काही सांगता येईना. कोळशाच्या रेघा ओढणारी ती मुलगी आता मोठ्या शाळेत जाते, पण त्या दिवशी मुद्दाम आली होती. तिने वहीत लांबी लिहिली, रुंदी लिहिली, आणि खोलीची जागा कोरी सोडली.